आधी खूण, मग अक्षर

शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, कुणी दार वाजवतंय का?" दार तर सताड उघडं होतं. बाहेरच्या जिन्यावरचा उजेड सरळ आत येऊन कागदांच्या गठ्ठ्यांवर पडला होता. "नाही गं, कुणी नाही," बाई म्हणाल्या आणि पुन्हा टाइप करू लागल्या. समोर स्टँडवर जुनं पुस्तक उभं होतं, पिवळ्या पानांचं, परभाषेतलं. त्यातली ओळ डोळ्यांनी उचलायची आणि बोटांनी खाली ठेवायची, इतकंच काम. थोडा वेळ गेला, आणि मुलगी हसू लागली. "अहो ताई, तुम्हीच वाजवताय की. आणि मी मघापासून म्हणतेय, हे भूत कुठलं." बाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट टेबलाच्या कडेवर वाकून बसलं होतं, लोण्याच्या भांड्याशी सापडलेल्या मांजरासारखं. तिथलं पॉलिश गेलेलं होतं. लाकडाची फिकी पडलेली, नखाएवढी जागा. चहाच्या कपाने झालं असेल असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. म्हणजे समोर बसून वाचणारे मास्तर काम सोडून गेल्यापासून, तीन वर्षं, आपलं बोट आपल्याला न विचारता हे करत होतं. बाईंना एकदम रस्त्यात पदर घसरल्यासारखं झालं. त्यांनी तो हात उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्यावर दुसरा हात ठेवला.

छापखान्यात त्यांना सगळे बाईच म्हणत. आल्या तेव्हा वेणी होती तरी बाई, आणि आता अंबाडा पांढरा झाला तरी बाई. इथे परभाषेतली पुस्तकं छापली जात, आणि त्या भाषेतल्या अक्षरांच्या डोक्यावर काही ना काही असे. कुणावर चढती रेघ, कुणावर उतरती, कुणावर छप्पर, कुणावर शेजारीशेजारी दोन ठिपके, आणि एका अक्षराला तर खाली शेपूट. टाइपरायटर होता तेव्हा या खुणांच्या कळा वेगळ्या असत. कळ दाबली की खूण उमटे पण रूळ पुढे सरकत नसे, तो तिथेच थांबून राही. मग अक्षराची कळ दाबायची, की ते अक्षर त्या खुणेखाली येऊन बसे आणि मग गाडं पुढे जाई. आधी खूण, मग अक्षर. छत्री आधी उघडायची आणि मग खाली माणूस आणायचा, असं मास्तर म्हणायचे. पुढे कॉम्प्युटर आला तरी मालकांनी कीबोर्ड तसाच ठेवून घेतला. फरक इतकाच, की आता खुणेची कळ दाबली तर स्क्रीनवर काहीच दिसत नसे. काही म्हणता काही नाही. बिघडलंय की काय, असं नवख्याला वाटावं. पण ते यंत्र मनात धरून बसलेलं असे. पुढचं अक्षर दाबलं की ते डोक्यावर खूण घेऊनच उमटे. बाईंना हा क्षण फार आवडे. दाबलेलं आहे पण दिसत नाही, असा. दिवसातून शेकडो वेळा तो येई, आणि शेकडो वेळा आवडे.

मास्तर समोर बसून मूळ प्रत मोठ्याने वाचत आणि बाई टाइप करत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, वाचणारे मास्तर. त्यांचा आवाज दळलेल्या पिठासारखा, मऊ आणि कोमट. पण नुसतं वाचून भागत नसे, कारण डोक्यावर काय आहे ते दरवेळी कानाला कळत नाही. आणि शब्द वाचून झाल्यावर खूण सांगावी, तर अक्षर तोवर उघड्या डोक्याने पडून गेलेलं. सुरुवातीला मास्तर शब्दाआधी "चढ", "छप्पर" असं म्हणत, आणि वाक्याचा पार चिवडा होई. बाईंनी एकदा एका गंभीर उताऱ्यात "छप्पर" हा शब्दच टाइप केला, आणि तो प्रूफाच्या पायरीपर्यंत जाऊन पोचला. मालक तो कागद घेऊन आले, म्हणाले, "मरणाच्या प्रसंगात हे छप्पर कुणी आणलं?" त्या दिवसापासून मास्तरांनी टेबल वाजवायला सुरुवात केली. डोळे शब्दभर पुढे पळत आणि खूण येण्याआधी बोट वर्दी देई. चढाला एक टिचकी, उताराला दोन. छप्पर असलं की नख सर्रकन ओढायचं. ठिपक्यांना दोन बोटं एकदम. आणि शेपूट अक्षराच्या खाली असतं म्हणून त्याला टेबलाच्या खालून टिचकी. बाईंना पाठ व्हावं म्हणून त्यांनी एक ओवीही रचून दिली होती, दळताना म्हणावी तशी चालीवर:

चढाला गं एक, उताराला दोन,
छपराच्या खाली बसलंय कोण?
बसलंय अक्षर, भिजलं नाही,
वर्दी आल्याविना निजलं नाही.

बाइंडर खालच्या मजल्यावरून वर यायचा तो मान हलवतच. "आमच्या छापखान्यात एक सुतार आन एक सुतारीण," म्हणायचा, "दिसभर ठोकाठोक, आन एक पाट काही तयार होत नाही." सगळे हसत. मास्तरही हसत, आणि हसतानाही त्यांचं बोट पुढच्या शब्दाची वाट पाहत टेबलावर टेकलेलं असे. बाई हसत नसत, कारण त्यांना हसताना टाइप करता येत नसे. पण त्या दिवशीची ओळ जरा हलकी उतरे, असं त्यांना वाटायचं. आता विचार केला तर वाटतं, इतकी वर्षं समोरासमोर बसून त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं असेल ते किती? मास्तरांचे डोळे प्रतीवर, बाईंचे कागदावर, नंतर स्क्रीनवर. मास्तरांच्या कपाळावर उजवीकडे व्रण आहे हे बाईंना कळलं तेच कितीतरी उशिरा, एकदा वीज गेली आणि दोघांनाही करायला काही उरलं नाही तेव्हा. पण आवाजाचं विचाराल तर मास्तरांना सर्दी होणार असली की बाईंना आदल्या दिवशी कळे. त्यांची बायको आजारी पडली ते मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही, बाईंनी ते टिचक्यांवरून ओळखलं होतं. टिचकी तीच, पण तिच्यात हाड नव्हतं. त्या दिवशी बाई मुद्दाम सावकाश टाइप करत राहिल्या, म्हणजे त्यांना मधे दम खाता यावा. मास्तरांना ते कळलं असणार. त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि बाईंनीही नाही. बायको गेली तेव्हा बाई इतर सगळ्यांबरोबर जाऊन आल्या, दाराजवळच्या सतरंजीवर बसल्या, उठल्या. मास्तरांची बायको मोठ्या मनाची होती. दरवर्षी आपल्या हाताने विणलेलं काहीतरी मास्तरांबरोबर पाठवायची, "ह्यांचा आवाज दिवसभर सोसता म्हणून" असा निरोप देऊन. बाईंकडे अजून त्यातले मोजे आहेत. वापरलेले नाहीत.

"ताई, चहा?" नवी मुलगी म्हणाली. बाईंनी मान हलवली. मुलगी चांगली होती. तिचं काम कसं, अक्षर सरळ दाबत जायचं, खुणा काय त्या यंत्रच मागाहून बघून घेतं, कुठे चुकलं तर तांबडी रेघ दाखवतं. "तुम्ही कशाला इतकं करत बसता, ते आपोआप होतं," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. बाई म्हणाल्या होत्या, "बरं." हे 'बरं' म्हणजे बाईंचं पेटंट. घरी भाऊ म्हणे, उद्या जग बुडालं तर हिला सांगायला जाऊ नका, 'बरं' म्हणेल आणि वाळलेले कपडे आत आणेल. वहिनी त्यावर कडी करायची, "वन्सं, तुम्हाला मागणी आली होती तेव्हाही तुम्ही बरंच म्हणालात, आणि मोडली तेव्हाही. त्या बिचाऱ्याला कळलंच नसेल काय झालं ते." आणि ते खरंच होतं. शब्द काही बाईंकडे नव्हते असं नाही. पण आधी आत काहीतरी दाबलं जायचं आणि दिसायचं नाही. पुढचं अक्षर कुणीतरी द्यायला हवं, तोवर त्या थांबून राहायच्या. समोरचं माणूस तेवढं थांबत नसे.

मास्तर गेले त्या संध्याकाळी त्यांनी प्रकरणाच्या शेवटापर्यंत वाचलं होतं. चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. "येतो," म्हणाले. रोजचंच. दुसऱ्या दिवशी समोरची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती, अगदी पाठ टेकेपर्यंत आत. मालक म्हणाले, "मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला हो. निवृत्ती घेतली. तुम्हाला बोललेच असतील." बाई म्हणाल्या, "बरं." एवढ्याशा खुणेची जो माणूस शब्दभर आधी वर्दी देतो, शेपटाचीसुद्धा देतो, त्याने एवढ्या मोठ्या गोष्टीची दिली नाही. बाईंना राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं नुसतं धस्स झालं, आणि मग ते तसंच राहिलं. भेटायला जायचं होतं. पहिल्या महिन्यात जमलं नाही, मग जायला कारण उरलं नाही, मग न गेल्याचीच लाज वाटू लागली. असं करत करत तीन वर्षं. आणि काल मालक केबिनमधून जाता जाता म्हणाले, "मास्तर चाललेत, कळलं का? मुलगी न्यायला आलीय परदेशातून. कायमचंच. उद्या रात्रीचं विमान. भेटून या एकदा, आता काय पुन्हा गाठ पडायची." बाई म्हणाल्या होत्या, "बरं." आणि वाळलेले कपडे आत आणावेत तशा पानं उलटत बसल्या होत्या.

चहा समोर येऊन निवला. बाई उठल्या. पुस्तकात खुणेचा कागद घातला, स्क्रीन बंद केला. "ताई, बरं वाटत नाहीये का?" मुलीने विचारलं. "माझं एक विचारायचं राहिलंय," बाई म्हणाल्या, "मी येते जाऊन." अर्ध्या दिवसाची रजा त्यांनी कधी घेतली होती ते मालकांनाही आठवेना. ते नुसते "हो हो, जा की" म्हणाले.

दुपारचे रस्ते बाईंनी फारसे पाहिलेले नव्हते. त्यांचे रस्ते सकाळचे आणि संध्याकाळचे. दुपारी ऊन भिंतींना चिकटून बसलं होतं, दुकानांची अर्धी शटरं खाली होती आणि शिंप्याचं मशीन तेवढं एकटं बोलत होतं. केस कापायच्या दुकानावर परभाषेतलं फॅशनेबल नाव होतं, आणि त्यातलं एक अक्षर उघड्या डोक्याचं. या उन्हात बिचारं. बाई थांबल्या. पोराची टोपी घरी राहिलेली पाहून आईने थांबावं तशा. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं आणि त्या पुढे चालू लागल्या. काय विचारायचं? 'का गेलात' असं नाही, डोळे गेले म्हणून गेले. 'का सांगितलं नाहीत' असं. पण हे विचारायचा आपला हक्क काय? आपण कोण? समोर बसणारी बाई. त्यांनी मनात वाक्य जुळवून पाहिलं, ते वहिनीच्या आवाजात ऐकू आलं, म्हणून मोडलं. पुन्हा जुळवलं. मग वाटलं, समजा विचारलं आणि मास्तर गोंधळले, "अहो, सांगितलं नव्हतं का? विसरलो असेन," असं सहज म्हणाले, तर? तर मग ती सगळी वर्षं नुसती टेबलाची ठोकाठोक होती असं होईल. आज रात्री ते विमान उडेल आणि मग हे कुणाला विचारायचंही उरणार नाही. हे एवढं एक त्यांना कळून घ्यायचं होतं, की समोर जे बसलं होतं ते नुसतं काम होतं का. मास्तरांच्या दाराशी येऊन त्यांनी घंटेचं बटण दाबलं.

दार मास्तरांच्या मुलीने उघडलं. चाळिशीची, आईसारखी रुंद कपाळाची. "मावशी! अहो या, या. बाबा, बघा तरी कोण आलंय." आत सगळीकडे खोकी आणि बॅगा होत्या, भिंतींवर काढलेल्या तसबिरींच्या फिक्या चौकटी. खिडकीपाशी खुर्चीत मास्तर होते. लहान झालेले. चष्म्याच्या काचा जाड, आणि त्यांच्यामागे डोळे मोठे, पाण्याखाली ठेवल्यासारखे. त्यांनी दाराच्या दिशेने पाहिलं. "कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

"बाई," मास्तर म्हणाले. "आज रविवार नाही ना? छापखाना सुरू असेल."

"सुरू आहे. रजा टाकली."

"तुम्ही?" ते हसले. "मालकांनी नवलाने घंटा वाजवली असेल."

बाईंची नजर मधल्या रिकाम्या जागेकडे गेली. इतकी वर्षं मधे नेहमी एक पुस्तक असे. मुलगी चहा ठेवायला आत गेली, जाता जाता म्हणाली, "मावशी, तुम्ही आलात ते देवासारख्या आलात. बाबांना तेवढं शिकवा हो. माझी लेक रुसलीय त्यांच्यावर. तिच्या नावावर ती चढती रेघ आहे ना, बाबा कधी घालतच नाहीत. मी दाखवून दाखवून थकले, मी दाखवलेलं त्यांना पटतच नाही."

मास्तरांनी ओशाळून फोन पुढे केला. अक्षरं मोठी, बोटाएवढी करून ठेवलेली होती. नातीचा निरोप होता: आजोबा, तुम्ही लिहिता ती मी नाही, ती दुसरीच कुणी मुलगी आहे.

"तुम्ही," बाई म्हणाल्या, "आणि खूण नाही दिली?"

"सापडत नाही हो. आख्खा कीबोर्ड चाचपला. खुणेची कळच ठेवली नाहीये ह्यांनी."

बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. समोर नाही, शेजारी. अशा त्या कधी बसल्या नव्हत्या. "इथे उलटं आहे," त्यांनी सांगितलं. "आधी अक्षर. पण दाबून सोडायचं नाही, दाबून धरायचं. मग त्याच्या डोक्यावर सगळ्या खुणा येऊन उभ्या राहतात. बोट न उचलता हवी त्या खुणेपर्यंत सरकवायचं, आणि मग सोडायचं."

"आधी अक्षर?" मास्तर म्हणाले. "म्हणजे जन्म आधी आणि बारसं मग. आमचं सगळं उलटंच झालं म्हणायचं." त्यांनी बोट टेकवलं. बोट थरथरलं, सुटलं, उघडं अक्षर पडलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्या वेळी खुणांची रांग उभी राहिली आणि बोट भलत्याच टोकाला घसरलं. त्यांनी हात मागे घेतला. बाईंनी तो पाहिला. वाकलेलं मधलं बोट, पेराशी जाड झालेलं. बाईंनी ते आपल्या हातात धरलं. कोरडं होतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा हलकं. इतकी वर्षं ज्याचा नुसता आवाज ऐकला, ते हे. त्यांनी ते अक्षरावर नेऊन ठेवलं आणि वरून आपलं बोट दाबून धरलं. रांग उभी राहिली. आता सरकवायचं होतं, पण बाईंनी सरकवलं नाही.

"सांगितलं का नाहीत?" त्या म्हणाल्या. वाक्य जुळवलं नव्हतं, ते तसंच आलं.

आत गॅसवर भांड्याचा आवाज झाला. मास्तरांनी बोट हलवलं नाही. "डोळ्यांचं मला वर्षभर आधी कळलं होतं," ते म्हणाले. "रोज ठरवायचो, आज सांगू. शेवटच्या दिवशी चष्मासुद्धा काढला. मग वाटलं, मी सांगेन आणि तुम्ही 'बरं' म्हणाल. ते ऐकवलं नसतं मला."

बाईंच्या आत काहीतरी दाबलं गेलं. एरवी त्या अशा वेळी थांबून राहत. "नसतं म्हटलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी नसतं म्हटलं."

मास्तरांनी मान हलवली, खूप वेळ, हळूहळू, एखादा लांबलेला हिशेब कुणीतरी जुळवून दाखवावा तशी. मग बाईंनी त्यांचं बोट धरून सरकवलं, चढत्या रेघेपाशी नेलं आणि सोडलं. नातीचं नाव डोक्यावर रेघ घेऊन उभं राहिलं. "आता तुम्ही एकट्याने," बाई म्हणाल्या आणि हात काढून घेतला.

मास्तर फोनवर वाकले. बोट टेकवलं. धरून ठेवलं. रांग आली. त्यांनी न चाचपडता, सरळ, पहिल्या झटक्यात ते बोट रेघेवर नेलं आणि उचललं. नाव उमटलं, खुणेसकट, बरोबर. बाईंनी ते पाहिलं. त्यांच्या नजरेतून खूण आजवर सुटली नव्हती. मास्तर क्षणभर त्या नावाकडे बघत राहिले. मग त्यांचं बोट कोपऱ्यातल्या पुसायच्या बटणावर गेलं, तेही न चाचपडता, आणि त्यांनी ते सगळं नाव पुसून टाकलं.

"नाही जमत हो," ते म्हणाले. "पुन्हा एकदा दाखवा."

आतून मुलगी म्हणाली, "झालं का मावशी? चहा आणू?"

"जरा वेळ लागेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मास्तरांचं बोट पुन्हा हातात घेतलं.